छोट्या उद्योजकाची नादारी कोणत्या कायद्यात?

संपादक महोदय,

नादारी व दिवाळखोरी संहितेमुळे बँकांची वसुली सुधारेल आणि उद्योगांना स्वस्त कर्ज मिळेल, असे 2016 पासून सांगितले जात आहे. मोठ्या कंपन्यांपुरते त्यात तथ्य असेलही. परंतु कुपवाड-मिरजेची छोटी वर्कशॉप, विट्याचे यंत्रमाग आणि तासगावचे बेदाणा व्यापारी यांच्यात एकल मालकीचे वा भागीदारीतले व्यवसायच पुष्कळ आहेत, आणि अशांसाठी असलेला संहितेचा तिसरा भाग आजवर फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता, 1 डिसेंबर 2019 पासून, अमलात आला आहे. बाकीच्यांना आजही 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच लागू आहे. पाचशे रुपयांच्या देण्यावर नादारीचा अर्ज करू देणारा हा कायदा बँकेचा शाखाधिकारी कर्ज देताना विचारात तरी घेत असेल का, याची शंकाच आहे. धंदा बुडाला तर किती रक्कम, किती वर्षांत हाती येईल याचा अंदाज नसल्याने तो घर किंवा जमीन तारण मागतो; ज्याच्याकडे ती नाही, त्याला वित्त कंपनीच्या किंवा सावकाराच्या चढ्या व्याजाकडे वळावे लागते.

दुसरी बाजू अधिक जाचक आहे. जॉबवर्क करणाऱ्याचा मोठा ग्राहक या संहितेखाली गेला, की जॉबवर्क करणाऱ्याची बिले अडकतात आणि वसुलीच्या दाव्यांना स्थगिती मिळते. धनकोंच्या (कर्ज देणाऱ्यांच्या) समितीत सहसा त्याला मत नसते आणि कंपनी अवसायनात निघाल्यास (म्हणजे मालमत्ता विकून ती बंद केली गेल्यास) तारणधारक बँका व कामगार यांच्या बऱ्याच नंतर त्याचा क्रम लागतो. स्वतः अर्ज करावा, तर मार्च 2020 पासून थकबाकीची किमान मर्यादा एक लाखावरून एक कोटी झाली आहे. प्रक्रियेची कमाल मुदत 330 दिवसांची (तीही अनेकदा पाळली जात नाही), तर त्याचे स्वतःचे कर्जखाते 90 दिवसांच्या थकबाकीनंतर अनुत्पादक ठरते. एकदा सिबिल बिघडले की पुढचे कर्ज मिळत नाही, मिळाले तरी महाग पडते.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी 2021 मध्ये 120 दिवसांची पूर्वनियोजित (कर्जदार व धनकोंनी आधीच ठरवलेल्या योजनेवर चालणारी) प्रक्रिया आली खरी, पण ती कंपन्या व एलएलपी (मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्था) यांच्यापुरतीच आहे.

कर्जदाराला फार सवलत दिली तर बँका हात आखडता घेतील, हा आक्षेप पोकळ नाही. अमेरिकेत ज्या राज्यांत दिवाळखोराच्या घराला पूर्ण संरक्षण आहे, तिथे छोट्या उद्योगांना कर्ज नाकारले जाण्याची शक्यता जास्त असल्याचे अभ्यासकांना आढळले आहे. म्हणून सरसकट माफी नको. पण आपल्या संहितेतील ‘नव्याने सुरुवात’ ही छोट्या कर्जदाराला देण्यांतून मोकळे करणारी तरतूद वार्षिक उत्पन्न 60 हजार, मालमत्ता 20 हजार आणि पात्र देणी 35 हजार रुपयांपर्यंत असणाऱ्यांनाच, तेही स्वतःचे घर नसेल तरच, मिळणार आहे. एक साधे लेथ यंत्र असलेला माणूसही तिच्यात बसणार नाही.

केंद्र सरकारने या मर्यादा वाढवून तिसरा भाग एकल मालकी व भागीदारी व्यवसायांना लागू करावा, प्रामाणिक कर्जदाराला ठरावीक मुदतीच्या परतफेड योजनेनंतर उर्वरित देण्यातून मोकळे करावे आणि सुनावणीची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी द्यावी. सांगली-साताऱ्याच्या खासदारांनी व उद्योजक संघटनांनी ही मागणी अर्थ मंत्रालय व कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे लावून धरावी, ही विनंती.

— एक लघुउद्योजक, कुपवाड (जि. सांगली)