देवास नाक्याच्या डायनोवाल्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

सुपरचार्जरची (इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या पंपाची) ती गाडी तुमच्या डायनोच्या, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राच्या, रोलरवर पहिल्यांदा चढली तेव्हा चाकांपाशी १६२ हॉर्सपॉवर आले. सुपरचार्जर जास्त वेगाने फिरवणाऱ्या लहान पुलीच्या किटसोबतच्या कागदावर २०० छापलेले होते. आज ती १९६ दाखवते, आणि नवा भाग म्हणून बदलला तो फक्त एक होज (हवेची लवचीक नळी). तुमचे आभार मानायचेच होते. ते सगळ्यांसमोर मानतोय, कारण इंदूर, देवास, उज्जैनकडे असा ग्राफ हातात आला की पहिला सल्ला "आणखी लहान पुली टाक" हाच मिळतो. तुम्ही मात्र सरळ म्हणालात, "आधी मोजू, पुलीचं मग बघू." त्या मोजण्याबद्दलच हे पत्र आहे.

पहिलं म्हणजे १६२ हा आकडा करेक्शनशिवायचा, म्हणजे हवेच्या दाब-तापमानाची दुरुस्ती न केलेला होता. एसएई जे-१३४९ या ताकद मोजण्याच्या मानकाच्या हिशोबात हवा २५ अंशांची आणि कोरड्या हवेचा दाब ९९ किलोपास्कल धरतात. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे दाब ९४-९५ च्या आसपासच असतो, आणि त्यात मे महिन्याचे चाळीस अंश. गुणक साधारण १.१० निघाला, म्हणजे १६२ चे १७८ झाले. एक्झॉस्टवर फिरणाऱ्या टर्बोच्या गाडीला हा गुणक डोळे झाकून लावायचा नाही हेही तुम्ही बजावलंत, ते फार महत्त्वाचं. टर्बोचा वेस्टगेट (जादा एक्झॉस्ट बाजूला सोडणारी झडप) बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब, सांभाळून घेतो, त्यामुळे करेक्शनने आकडा उगाच फुगतो. पट्ट्यावर फिरणारा सुपरचार्जर जी हवा मिळेल तिलाच गुणतो, म्हणून त्याला हा हिशोब बऱ्यापैकी लागू पडतो.

याच कारणाने कागदावरचा ८.८ पीएसआय (दाबाचं एकक) बूस्ट इथे मिळणारच नव्हता. दाबाचं गुणोत्तर १.६ धरलं तर समुद्रकाठी १४.७ चे २३.५ होतात, म्हणजे गेजवर ८.८. इंदूरला १३.७ चे २१.९ होतात, म्हणजे गेजवर ८.२. पण लॉगमध्ये (रनच्या नोंदीत) ६,००० आरपीएमला ६.३ च दिसत होते. ४,५०० पर्यंत रेघ जागेवर होती, पुढे हळूहळू खाली. उंचीने अर्धा पीएसआय खाल्ला, मग बाकीचे जवळपास दोन कुठे गेले?

सगळ्यांचं बोट पट्ट्याकडे होतं. लहान पुलीवर पट्ट्याचा वेढा कमी होतो आणि तो घसरतो, हे खरंच आहे. तुम्ही मात्र सुपरचार्जरच्या पुलीवर चमकपट्टीचा तुकडा चिकटवलात आणि फोटो-टॅकोमीटर (प्रकाशाने फेरे मोजणारं यंत्र) हातात न धरता स्टँडवर आवळून ठेवलात. चालू पट्ट्याजवळ हात न्यायचा नाही, हे नव्या पोरांनी लक्षात ठेवावं. क्रँकची (इंजिनच्या मुख्य दांड्याची) पुली १५० मिमी, सुपरचार्जरची ६० मिमी, दोन्ही व्यास पट्टा बसतो त्या रेषेवर मोजलेले. ६,००० ला १५,००० फेरे यायला हवे होते, १४,८५० आले. एक टक्का घसरण. पट्टा निर्दोष. आकडा पाच-सात टक्क्यांनी कमी आला असता, पुलीभोवती काळी भुकटी दिसली असती किंवा बूस्टची रेघ दातेरी असती, तर टेन्शनर आणि आयडलर बघायला हवे होते.

हवा सुपरचार्जरच्या मागे वळवणारा बायपास व्हॉल्व्हही तिथल्या तिथे तपासलात. हातपंपाने दहा इंच व्हॅक्यूम दिला, मिनिटभर सुई हलली नाही, म्हणजे डायाफ्राम शाबूत. मग व्हॅक्यूम सोडून त्याची झडप स्टॉपला पूर्ण टेकते का ते पाहिलंत. ती जरा उघडी राहिली तरी दाबलेली गरम हवा मागे जाऊन पुन्हा पुन्हा दाबली जाते, बूस्ट पडतो आणि तापमानही चढतं.

आणि मग ती दोन गेजं. सुपरचार्जरच्या आधीचा दाब बघायचं आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. तुम्ही एक टॅप थ्रॉटलच्या (एक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) अलीकडे घेतलात, दुसरा थ्रॉटल आणि सुपरचार्जरच्या मध्ये. ६,००० ला पहिल्यावर १.१ पीएसआय व्हॅक्यूम, दुसऱ्यावर १.२. म्हणजे थ्रॉटल पूर्ण उघडतोय, अडथळा त्याच्या आधी आहे. आणि हा १.२ चा तोटा पुढे १.६ ने गुणला जातो! १३.७ मधून १.२ गेले, उरले १२.५, त्याचे झाले २०, म्हणजे गेजवर ६.३. लॉगमधला आकडा असा पाटीवरच्या गणितासारखा सुटला. फिल्टर काढून एक रन घेतला तरी फरक नगण्य, म्हणून फिल्टरही सुटला.

शेवटी तुम्ही मोबाइल रेडिएटरच्या वरच्या पट्टीला बांधून बॉनेटखाली चित्रण केलंत. ५,२०० च्या सुमारास फिल्टर बॉक्स आणि थ्रॉटलमधला तीन इंची सिलिकॉनचा बाक चिंच चोखताना गाल आत जावेत तसा आत गेला. पाय सुटला, की टुणकन पुन्हा गोल. बॉनेट उघडून कितीही वेळ बघा, होज धडधाकटच दिसणार. गार असताना बोटांना कडकही लागतो, इंजिनच्या उष्णतेने मात्र नरम पडतो. सुपरचार्जरच्या पुढच्या नळीत दाब बाहेरच्या बाजूला असतो, मागच्या नळीत ओढ आतल्या बाजूला. त्यामुळे मागे तारेची कडी असलेला होज किंवा ॲल्युमिनियमची नळी आणि दोन टोकांना छोटे कपलर एवढंच चालतं. किटमध्ये दोन्हीकडे एकसारखा साधा होज देणं चूकच आहे.

तारेचा होज बसला, मागचा व्हॅक्यूम ०.३ वर आला आणि बूस्ट ७.७. करेक्शन धरून हॉर्सपॉवर १८९.

बाकीचे सात हॉर्सपॉवर इंटरकूलरच्या, म्हणजे दाबलेली हवा गार करणाऱ्या भागाच्या, पाण्यात अडकले होते. तिसऱ्या रनला इनटेकची हवा ४८ अंशांवरून ८२ वर जात होती. दर दहा अंशांमागे साधारण तीन टक्के हवा कमी होते, वर ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे घेतो ते वेगळंच. इंटरकूलरचा पंप आवाज करत होता, म्हणून सगळे त्याला चालू समजत होते. तुम्ही परतीची नळी बादलीत सोडलीत, तर मिनिटाला तीन लिटरही पाणी येईना. हवा अडकली होती. पुढची चाकं रॅम्पवर चढवून, इंजिन बंद ठेवून, फक्त पंप चालू करून ब्लीड स्क्रूतून बुडबुडे संपेपर्यंत पाणी भरत राहिलात, त्याला अर्धा तास गेला. मग दहा लिटरच्या वर आले आणि रनच्या शेवटी तापमान ६१ वर थांबलं.

प्लगचा गॅप (०.६५ मिमी), लीकडाउन (सिलिंडरमधून हवा गळते का ते), ट्रॅक्शन कंट्रोल बंद आहे की नाही, गाडी रोलरवर बांधणाऱ्या पट्ट्यांचा ताण, टायरची हवा हे सगळं तुम्ही बोलता बोलता उरकलंत.

इंधनाचं मात्र सविस्तर सांगायला हवं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्याला शुद्ध पेट्रोलपेक्षा आठेक टक्के जास्त इंधन लागतं, कारण त्याचा समतोल, म्हणजे एक भाग इंधनाला लागणारी हवा, १४.७ ऐवजी १३.६ च्या आसपास आहे. म्हणून गेज लॅम्डावर (समतोलाला १ धरणाऱ्या मापावर) ठेवायला लावलंत आणि पूर्ण लोडवर ०.८२ पाहिलंत. इंधन फवारणारे इंजेक्टर आधी ७८ टक्के उघडे राहत होते, हवा वाढल्यावर ८८. म्हणजे आता जागा उरलेली नाही. होज तसाच ठेवून पुली आणखी लहान केली असती, तर सुपरचार्जर जास्त फिरून जास्त गरम हवा देत राहिला असता. आणि ज्या दिवशी कुणी तो होज बदलला असता, त्या दिवशी ६,००० ला मिश्रण लीन होऊन (इंधन कमी पडून) पिस्टन गेला असता. तुम्ही पुलीला हात लावू दिला नाहीत, त्याबद्दल सगळ्यात मनापासून आभार.

जुना होज उभा कापून तुमच्या शेडमध्ये फळीवर ठेवलाय, कुणालाही दाखवायला होईल. ऑगस्टमध्ये दमट हवेत त्याच टायर प्रेशरवर, त्याच गिअरमध्ये आणखी एक रन घेऊ. दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवायचे आहेत, तोवर फाइल जपून ठेवा.

आपले,
राजवाड्याकडची गाडीवाली मंडळी, इंदूर