आप्पा, धुराच्या फोटोवरून तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर

ती. आप्पा आणि आईला साष्टांग नमस्कार,

फोनवर तुम्ही विचारलंत की एवढा काळा धूर सोडणारे डिझेल ट्रक तिथे अमेरिकेत शर्यतीत पळवतात आणि कोणी काही बोलत नाही का, आणि मी म्हटलं निवांत लिहिते, कारण फोनवर आई मधेच जेवलीस का विचारते आणि विषय राहून जातो. तर आता सगळं लिहितेय, मोठं झालं तर दोन वेळा बसून वाचा.

आधी हे ट्रक म्हणजे आपल्याकडचे दहा चाकी नव्हेत. पिकअप. पण वजन तीन साडेतीन टन, आणि शर्यत सरळ रेषेत, 660 फूट म्हणजे 201 मीटर, दोन गाड्या शेजारी उभ्या, मधे दिव्यांचा खांब, पिवळे दिवे लागतात मग हिरवा आणि सुटल्या. ज्या गाड्या चांगल्या बांधल्यात त्या हे अंतर सहा सात सेकंदांत तोडतात. इंजिनं तीनच घराण्यांची जास्त दिसतात, कमिन्स, ड्युरामॅक्स आणि पॉवरस्ट्रोक. त्यातलं नव्वदच्या दशकातलं जुनं 5.9 लिटरचं बारा व्हॉल्व्हचं कमिन्स तुम्ही बघितलं असतंत तर खूश झाला असतात, सहा सिलिंडर एका रांगेत आणि बाजूला बॉशचा डिझेल सोडणारा इनलाइन पंप, सगळं मेकॅनिकल, तुमच्या वर्कशॉपमधले मायको पंप उघडणारे हात त्यावर सहज चालले असते.

धूर का येतो हे तुम्हाला मी सांगायचं म्हणजे कमालच आहे, पण आईसाठी लिहिते. सुटायच्या आधी गाडी ब्रेकवर दाबून धरतात आणि डिझेल वाढवतात, टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा भरणारा पंखा, अजून फिरायला लागलेला नसतो त्यामुळे हवा कमी आणि डिझेल जास्त, न जळलेलं सगळं काजळी होऊन बाहेर. टर्बोने हवा भरली की धूर पातळ होतो. म्हणजे इंजिनाचं डिझेल-हवेचं गणित बसवणारा ट्यूनर चांगला असेल तर गाडी सुटताना थोडा धूर आणि पुढे जवळपास साफ. ज्याची गाडी शेवटच्या रेषेपर्यंत काळी जाते त्याचं डिझेल वाया चाललंय, वेग त्यातून मिळत नाही. पब्लिकला मात्र तो काळा ढग आवडतो, टाळ्या त्यालाच पडतात, हे मला मनापासून खटकतं.

आता नियमांचं. मी शनिवारी इथल्या ट्रॅकवर तपासणीच्या रांगेत मदतीला जाते हे तुम्हाला सांगितलंय. गाडी पळवायच्या आधी पासिंग करून घ्यायचं. एक्झॉस्टचे, म्हणजे धुराच्या पाइपचे, नियम साधे आहेत. पाइपचं तोंड मागे किंवा वर पाहिजे, ड्रायव्हरपासून, डिझेलच्या टाकीपासून आणि टायरपासून लांब. पाइप नीट आवळलेला पाहिजे, कुठून तेल पाणी गळता कामा नये कारण ट्रॅकवर थेंब पडला की मागच्या गाडीचं टायर घसरतं. आणि बॉनेटमधून उभा पाइप काढला असेल तर टर्बोच्या पुढे पाइपमध्ये दोन आडवे बोल्ट, 3/8 इंचाचे, एकमेकांना काटकोनात. हे मूळचं ट्रक पुलिंगच्या, म्हणजे ट्रकने वजन ओढायच्या, खेळातलं. टर्बोचं चाक मिनिटाला लाखभर फेरे घेतं, ते फुटलं तर तुकडे पाइपातून बंदुकीच्या गोळीसारखे वर जातात आणि खाली पब्लिकमध्ये येतात, ते बोल्ट तुकडे अडवतात. दोन बोल्टची किंमत किती आणि त्याने काय वाचतं, बघा.

आणि नेमकं इथेच मागे एकदा असं झालं की त्या रात्री मला झोप आली नाही. एक विशीतला पोरगा, शेतावर काम करतो, जुनी गाडी स्वतः बांधलेली, त्याच्या पाइपमध्ये बोल्ट नव्हते. तपासणाऱ्याने त्याला परत पाठवलं. बरोबर केलं, मी असते तरी पाठवलं असतं. त्या पोराने कोणाकडून तरी ड्रिल मागून आणलं, जमिनीवर बसून भोकं पाडली, बोल्ट घातले, तोपर्यंत त्याची पहिली फेरी गेली. तो एक शब्द बोलला नाही. त्याच्यानंतर चार गाड्या सोडून एक मोठा गडी आला, ट्रेलरवर जाहिरातींचे स्टिकर, दहा माणसं बरोबर, सगळे नावाने ओळखणारे, त्याच्याही पाइपमध्ये बोल्ट नव्हते. त्याला सांगितलं पुढच्या वेळी घालून आण हं. आणि सोडला. मी तिथेच विचारलं की मघाच्या पोराला का नाही सोडलं, तर म्हणे याला मी वर्षानुवर्षं ओळखतो, याची गाडी चांगली असते.

टर्बोला माणूस ओळखीचा आहे का नाही हे कुठे माहीत असतं आप्पा? फुटायचं तर कोणाचाही फुटतो.

मला यातली सगळ्यात चुकीची वाटते ती ही गोष्ट की याच ट्रॅकवर वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. इंडेक्स म्हणून वर्ग असतात, म्हणजे 6.70 च्या वर्गात 6.70 सेकंदांपेक्षा लवकर पोचायचं नाही, कोणी 6.69 मध्ये गेला तर ब्रेकआउट म्हणून धरतात, कितीही मोठा असो, घड्याळ कोणाचं ऐकत नाही आणि म्हणून त्यावर भांडणही होत नाही. मग एक्झॉस्टच का नजरेवर आणि ओळखीवर? आपल्याकडे बैलगाडी शर्यतीत झेंडापंचाने कोणाचा बैल पुढे ते चेहरा बघून सांगितलं असतं तर लोकांनी त्याला मैदानात ठेवला असता का? धुराचंही तेच, नियम लिहिलाय की "जास्त धूर" चालणार नाही, पण जास्त म्हणजे किती? एकाला दिसतो तो दुसऱ्याला दिसत नाही. आपल्याकडे पीयूसीला नळी सायलेन्सरमध्ये घालून रेस देतात आणि आकडा छापून येतो, जुन्या डिझेल गाडीला 65 हार्ट्रिजची (हे धूर मोजायचं एकक) हद्द, त्याच्या वर गेली की फेल. पीयूसीत कुठे कुठे काय चालतं ते मला माहितीये, पण निदान आकडा तरी आहे ज्यावर बोट ठेवता येतं. युरोपात मोठ्या ट्रकच्या रेस होतात, तिथे वेगाची मर्यादा ताशी 160 किलोमीटर असते आणि धूर सोडला तर दंड बसतो, म्हणजे धूर आवरून रेस होऊ शकते हे सिद्ध झालेलं आहे.

आता सरकारचं, कारण तुम्ही विचारलंत हे कायद्यात बसतं का. इथला हवेचा कायदा 1970 चा, त्यात गाडीवरचं धूर कमी करायचं यंत्र काढणं किंवा बंद करणं बेकायदेशीर आहे. 2007 पासून पिकअपना काजळी अडवणारा फिल्टर आला, नंतर युरियाचं पाणी घालायची सिस्टिम आली, आणि लोकांनी ते काढून टाकायचा धंदा सुरू केला, पॉवर वाढते आणि दुरुस्तीचा खर्च वाचतो म्हणून. ईपीए म्हणजे इथलं पर्यावरण खातं, त्यांनी 2020 मध्ये हिशेब मांडला की दहाएक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपवरून हे काढलं गेलं आणि त्यातून गाड्यांच्या आयुष्यभरात 5 लाख 70 हजार टनांहून जास्त नायट्रोजन ऑक्साइड जादा हवेत जाईल. हे कोणाच्या तरी पोरांच्या छातीत जातं, म्हणून मी या बाजूला आहे, ट्रॅकवर हे बोलले की लोक नाराज होतात तरी.

पण वाटणी कशी होते ते बघा. इथे इंडियानात गाडीची धुराची सक्तीची तपासणी फक्त लेक आणि पोर्टर या दोनच काउंटीत, म्हणजे जिल्ह्यांत, बाकी राज्यात रस्त्यावर कोणी विचारत नाही. शर्यतीसाठीच ठेवलेल्या, रस्त्यावर अजिबात न चालणाऱ्या गाडीच्या मालकाच्या मागे आम्ही लागत नाही असं ईपीए सांगते, पण तसं कायद्यात स्पष्ट लिहा म्हणून रेसवाल्यांनी 2016 पासून संसदेत बिल आणलं ते अजून पास नाही. म्हणजे ट्रेलरवर आणलेली गाडी खात्याच्या भरवशावर आणि जी पोरं त्याच गाडीने ट्रॅकवर येतात आणि त्याच गाडीने सोमवारी कामाला जातात ती उघड उघड कायद्याबाहेर. मोठ्यांना धरत नाहीत असंही नाही, 2024 च्या जानेवारीत खुद्द कमिन्सला रॅम पिकअपच्या इंजिनांवरून 167.5 कोटी डॉलरचा दंड झाला, त्या कायद्याखालचा सगळ्यात मोठा. पुण्यात कोथरूडला ज्यांची फॅक्टरी आपण बसमधून बघायचो तेच हे. तेव्हा मोठ्यांवर कारवाई होऊ शकते, करायची ठरवली तर.

मी ट्रॅकवाल्यांना काय सांगितलं ते लिहिते आणि तुम्ही त्यावर मत द्या. एक, तपासणीचा कागद प्रत्येकाचा लेखी, खाली सही, आणि बोल्ट नाहीत म्हणजे गाडी नाही, मग तो कोणीही असो. ओळखीच्या माणसाची गाडी दुसऱ्याने तपासायची. रेस झाल्यावर चिठ्ठी काढून दोन गाड्या परत बघायच्या, कारण काही जण तपासणीनंतर पाइप बदलतात. नंबर प्लेटवाल्या गाडीवर कंपनीचं सगळं सामान जागेवर पाहिजे, नाहीतर तिने ट्रेलरवर यायचं. यावर फार ओरड झाली, ट्रेलरला पैसे कुठून आणायचे म्हणून, आणि गरीब पोरांच्या बाजूने मलाही ते पटतं, पण मी म्हटलं वर्षभर मुदत द्या आणि ट्रॅकचा एखादा ट्रेलर भाड्याने ठेवा, नियमच नको असं होऊ नये. त्यांनी नाही म्हटलेलं नाही. सीझन संपला की मीटिंग आहे.

त्यासाठी तुमची मदत पाहिजे. डेपोत धूर मोजायचं मशीन होतं त्यावर तुम्ही रीडिंग कसं घ्यायचात, इंजिन किती गरम करून, रेस किती वेळा द्यायची, आणि वेगळे आकडे आले तर कुठला धरायचा, हे तुम्हाला आठवेल तसं मला लिहून पाठवा, वहीचा फोटो काढून चालेल, बंड्याला सांगा तो पाठवेल. इथे मशीन भाड्याने मिळतं, मी चौकशी केलीये, पण मीटिंगमध्ये कोणी विचारलं की आकडा खरा कशावरून तर मला उत्तर पाठ पाहिजे.

आईच्या गुडघ्याचं डॉक्टरांनी काय सांगितलं ते कळवा, आणि तिला म्हणावं जिने चढायचं बंद कर, वरची खोली भाड्याने दिली तरी चालेल. दिवाळीचा फराळ पाठवू नका, गेल्या वेळी चकल्यांचा चुरा झाला होता, त्यापेक्षा भाजणी पाठवा, मी करते.

तुमची,
सुमन