मरिया बेट: वॉम्बॅट दिसतात, पेंग्विन का दिसत नाहीत?

संपादक महोदय,

ऑस्ट्रेलियाच्या सहलींवरील मराठी लेखांत टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्याजवळील मरिया बेटाचा उल्लेख आलाच, तर तो बहुधा वॉम्बॅट या गुबगुबीत, गवत खाणाऱ्या प्राण्याच्या छायाचित्रापाशी थांबतो. तिथे हे प्राणी पायवाटेच्या कडेला निर्धास्त चरत असतात, हे खरेच. सेल्फी स्टिक घेऊन त्यांच्या मागे धावणार नाही, अशी प्रतिज्ञा करण्याचे आवाहन पर्यटकांना करावे लागले, यावरून त्यांची लोकप्रियता (आणि आपली हौस) कळते. परंतु या बेटावर वेळोवेळी बाहेरून काय काय आणले गेले, हे त्या लेखांत क्वचितच येते.

आदिवासींचा पिढ्यानपिढ्या वावर असलेल्या या बेटावर ब्रिटिशांनी १८२५ मध्ये कैद्यांची वसाहत उभारली, ती काही वर्षांत बंद केली आणि १८४२ मध्ये पुन्हा सुरू केली. न्यूझीलंडमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढलेल्या पाच माओरींनाही (तिथल्या मूळ रहिवाशांना) इथे आणले गेले. त्यांपैकी होहेपा ते उमुरोआ १८४७ मध्ये इथेच क्षयाने मरण पावले आणि त्यांचे अवशेष मायदेशी परतायला १९८८ साल उजाडले. पुढे दिएगो बर्नाकी या इटालियन उद्योजकाने द्राक्षमळे, रेशीम आणि सिमेंटचे बेत आखले, तेही टिकले नाहीत. डार्लिंग्टन येथील कैद्यांच्या वसाहतीचा २०१० मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश झाला असून तिथल्या जुन्या तुरुंगात आता पर्यटक मुक्काम करतात.

१९७२ मध्ये बेट राष्ट्रीय उद्यान झाले, तरी आणण्याचा क्रम थांबला नाही. चेहऱ्यावरील संसर्गजन्य कर्करोगाने टास्मानियन डेव्हिल हे मांसाहारी प्राणी झपाट्याने घटू लागले, म्हणून २०१२ मध्ये निरोगी डेव्हिल इथे सोडण्यात आले. ते उत्तम वाढले. मात्र त्या वर्षी बेटावर असलेल्या छोट्या पेंग्विनांच्या सुमारे तीन हजार जोड्या पुढील दशकभरात डेव्हिलांचे भक्ष्य होऊन नाहीशा झाल्या. डेव्हिल वाचवणे निकडीचे होते, हे मान्य. पण समुद्री पक्ष्यांना फटका बसेल, असे आधीच वर्तवलेले असताना हेच बेट निवडावे, हे मला पटत नाही.

आपल्या पर्यटन पुरवणीत या बेटावर लेख आल्यास ही बाजूही यावी, ही विनंती. शिवाय तिथे दुकान नाही, पर्यटकांना मोटार नेता येत नाही आणि स्वतःचा कचरा परत न्यावा लागतो, हेही वाचकांना सांगावे. आणि डेव्हिल बहुधा रात्रीच बाहेर पडत असल्याने शक्य असल्यास मुक्कामाची सोय आधी करून ठेवण्यास सुचवावे.

आपला,
एक वाचक, मेलबर्न