आबा, इथल्या गावाची स्वतःची पवनचक्की आहे

बॅलरॅट, व्हिक्टोरिया
१३ जुलै २०२५

तीर्थरूप आबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर दोघांचाही आवाज उतरलेला वाटला आणि मला नीट बोलताही आलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मी अगदी छान आहे. थंडी आहे, पण घरात हीटर आहे आणि तुझा स्वेटर रोज अंगावर असतो, आई. खोकला पूर्ण गेला. एकादशीचा उपास केला, भगर आणि साबुदाणा मेलबर्नहून आणून ठेवला होता. बाकी माझा दिवस तुम्हाला पाठ आहे, तो परत लिहीत नाही.

आता नोकरीचं. तात्यांनी पारावर विचारलं म्हणे, की इंजिनिअर झालेली पोरगी परदेशात जाऊन कौन्सिलात कारकुनी का करते? आबा, ही कारकुनी नाही. इथल्या कौन्सिलकडे, म्हणजे आपल्या नगरपालिकेसारख्या संस्थेकडे, रस्ते, कचरा, वाचनालय, घरपट्टी अशी कामं असतात. वीज तिच्याकडे नाही. तारा एका कंपनीच्या, बिल दुसरीच कंपनी पाठवते. तरीही गावाची वीज गावाच्या मालकीची कशी होईल, याचा अभ्यास आमची कौन्सिल करते आहे आणि त्यातली आकडेमोड माझ्याकडे आहे. कुठल्या फीडरवर, म्हणजे वस्तीला वीज नेणाऱ्या तारेवर, किती भार, कुठल्या छपरावर किती पॅनेल बसतील, दुपारची जास्तीची वीज कुठे साठवायची. इथे दर तीन घरांतल्या एका घरावर सोलर आहे. त्यामुळे दुपारी सगळ्यांचीच वीज एकदम तयार होते आणि सुगीतल्या टोमॅटोसारखा तिचा भाव पडतो. संध्याकाळी चुली पेटायच्या वेळी मात्र वीज महाग. म्हणून वस्तीतच एक मोठी सामायिक बॅटरी बसवायचा विचार चालू आहे.

तुम्हाला खास सांगायचं ते वेगळंच. गेल्या महिन्यात ऑफिसतर्फे डेल्सफर्डजवळ लेनर्ड्स हिल नावाच्या टेकडीवर गेले होते. बटाट्याची शेती, मेंढ्या, आणि मधोमध दोन पवनचक्क्या. मी चाळकेवाडीचं पठार बघत मोठी झालेली, मला दोन पवनचक्क्यांचं काय कौतुक! पण या दोन्ही गावकऱ्यांच्या आहेत. लोकांनी सहकारी संस्था काढली, सुमारे २,००० सभासदांनी भाग घेतले, ९० लाखांहून जास्त डॉलर उभे केले, थोडी मदत राज्य सरकारने दिली, आणि २०११ मध्ये चक्क्या फिरायला लागल्या. दोन्ही मिळून ४.१ मेगावॉट. त्यांना नावंही आहेत, गेल आणि गस्टो. नफ्यातला वाटा गावातल्या छोट्या-मोठ्या कामांना जातो. आणि आबा, कुणाचे भाग कितीही असोत, एका सभासदाला एकच मत. मी तिथल्या एका बाईंना सांगितलं, आमच्याकडे प्रवरानगरला शेतकऱ्यांनी १९५० मध्ये याच नियमावर साखर कारखाना उभा केला, माझे वडीलही अशाच एका कारखान्याचे सभासद आहेत. त्या चकित झाल्या. पोटनियम काय असतात, गाळप किती दिवस चालतं, उसाचे पैसे कसे मिळतात, सगळं विचारत बसल्या. मला त्या दिवशी तुमचा फार अभिमान वाटला.

घरी येताना मात्र एकच गोष्ट डोक्यात होती. आपल्या पठारावर इतक्या पवनचक्क्या फिरतात, आणि आपल्या वाडीतल्या एकाही माणसाचा त्यात चार आण्याचा भाग नाही. जमिनी आपल्या, वारा आपला, आणि आपल्याकडे आली ती रखवालदाराची नोकरी.

इथली एक पद्धत तर मला अजूनही पुरती उमगलेली नाही. बॅटरी म्हणजे एक हिरवी लोखंडी पेटी, आपल्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीपेक्षा थोडी मोठी. ती ठेवायला जागा हवी. आपल्याकडे जेसीबी आल्यावरच गावाला कळलं असतं. इथे आधी खांबाला कागद, मग घरोघरी पत्र, मग महिनाभर हरकती. शनिवारच्या बाजारात आम्ही टेबल मांडलं, त्यावर गावाचा भला मोठा नकाशा. येणाऱ्या प्रत्येकाला टिकल्यांएवढे गोल स्टिकर द्यायचे, हिरवे आणि लाल. पेटी चालेल तिथे हिरवा लावायचा, नको तिथे लाल. भाषण नाही, हार नाही, खुर्च्या मेयरबाई स्वतः मांडत होत्या. एक आजोबा लाल स्टिकर बोटावर घेऊन कितीतरी वेळ उभे. पेटीचा आवाज रात्री किती येईल, शेजारच्या झाडावर पक्षी घरटं करतात त्यांचं काय, उन्हाळ्यात वणवा आला तर? मी प्रत्येक प्रश्न लिहून घेतला. प्रत्येकाला लेखी उत्तर जातं, नाही म्हणणाऱ्यालाही. शेवटी त्यांनी स्टिकर क्रीडांगणाच्या कोपऱ्यावर लावला, आणि आता ती जागा यादीतून गेली. कामाला उशीर होतो हे खरं, पण नंतर कुणी कोर्टात जात नाही, म्हणून मला हे पटतं.

नोकरी पक्की नाही, ही तुमची काळजी मला माहीत आहे. अनुदान पुढच्या जूनपर्यंत आहे, तोवर जागा आहे. पण असं काम इथे वाढतंच आहे. २०२१ मध्ये याच राज्यातल्या ४६ कौन्सिलांनी एकत्र येऊन पवनऊर्जा विकत घ्यायचा करार केला. मेलबर्नच्या डॅरेबिन कौन्सिलने तर पेन्शनरांच्या घरांवर स्वतः सोलर बसवलं आणि पैसे घरपट्टीतून १० वर्षांत बिनव्याजी वळते करून घ्यायची सोय केली. मला काम मिळेल, तुम्ही त्याचा घोर लावून घेऊ नका.

सागरच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. आई, फोनवर तू 'बरं' म्हणालीस आणि लगेच आबांकडे फोन दिलास. रागावू नकोस. त्याच आठवड्यात अहवाल कौन्सिलपुढे जायचा आहे. लग्नाला आधी येऊन तुझ्याबरोबर रुखवताला बसेन, तिकिटाचं बघूनही ठेवलंय. थोरलीच्या आधी धाकट्याचं कसं, असं कुणी म्हटलं तर खुशाल माझं नाव सांगा, मीच हट्ट केला म्हणून. कराडच्या स्थळाला एवढ्यात शब्द देऊ नका. मुलगा चांगला असेल, पण तो इथे येणार की मी तिथे, हे मलाच अजून ठरवता येत नाही. आल्यावर समोर बसून बोलू.

दीड लाख पाठवलेत. पन्नास हजार कार्यालयाच्या अॅडव्हान्सला आणि साठ विकास सोसायटीत भरा. आईच्या पाटल्यांना हात लावायचा नाही. उरलेले चाळीस छपरावरच्या सोलरसाठी राखून ठेवा. तीन किलोवॉटला केंद्राचं ७८,००० अनुदान आहे, बाकीचे मी दिवाळीपर्यंत पाठवते. आपल्याच पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी गेल्या वर्षी राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली. आबा, एकदा सरपंचांना घेऊन तिथे जाऊन या, आणि सगळ्या वाडीने मिळून काही करता येईल का ते विचारा. कागद, हिशेब, अर्ज मी इथून रात्री बसून करून देईन. तेवढं तरी मला करू द्या. मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे, ते आधी तुमच्या नावावर करून घ्यावं लागेल. सागरला सोमवारीच महावितरणच्या ऑफिसात पाठवा, वारसाचे कागद कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये आहेत.

तुमची,
मनीषा