विषय : पाण्यात सुटणारं फोटो ट्रान्सफर मीडियम आणि हेल्पलाइनवर झालेला अपमान

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवला. आता फोनवर बोलण्यात अर्थ उरलेला नाही.

फळीवर मीडियम लावून प्रिंट पालथी चिकटवायची, वाळली की कागद ओला करून बोटाने चोळून काढायचा आणि फोटो फळीवर उरतो, अशी ही रीत. पण वाळलेला थर ओला केला की तुमचं नवं मीडियम पुन्हा दुधाळ होतं आणि कागदासोबत फोटोही बोटाला लागून येतो. मीडियम ॲक्रिलिकचं, आणि ॲक्रिलिक एकदा वाळलं की पाण्याने विरघळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तुमच्या माणसाला मात्र सांगावं लागलं.

त्याने आधी विचारलं, प्रिंट इंकजेटची आहे का? म्हटलं, लेझरची, आरशात दिसते तशी उलटी छापलेली. इंकजेटची शाई पाण्याने पसरते. मग म्हणाला, स्टुडिओच्या चकचकीत कागदावर असेल. म्हटलं, साधा कागद आहे. चकचकीत कागदावर प्लास्टिकचा थर असतो, त्यात पाणी मुरत नाही. मग लाकूड कोणतं? सागवान म्हटल्याबरोबर, "मॅडम, सागवानात तेल असतं." असतं. गडचिरोली जिल्ह्यात राहते मी, सागवान मला माहीत आहे. म्हणूनच फळी घासून, स्पिरिटने पुसून घेतली होती. शिवाय नुसतं मीडियम काचेवर लावून, पूर्ण वाळू देऊन वर पाणी टाकलं, तर तिथेही नखाने थर निघाला. काचेत कुठलं तेल?

तो गप्प झाला. मला वाटलं, आता तरी बॅच नंबर विचारेल. त्याने गाव विचारलं. सांगितलं, तर म्हणतो, "मॅडम, हे प्रॉडक्ट प्रोफेशनल आर्टिस्ट लोकांसाठी आहे. खेड्यात एवढं कशाला करता? पांढऱ्या गोंदाने चिकटवा नाहीतर लॅमिनेशन करून घ्या." मागे कोणीतरी हसलं. ते मला स्पष्ट ऐकू आलं.

खेड्यात काय करते ते सांगते. आमची झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भाचा जंगलपट्टा. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा भरते, रात्रभर नाटकं चालतात, ती थेट होळीपर्यंत. आमच्या गावच्या मंडळाचे जुने कृष्णधवल फोटो घरोघरी ट्रंकांत पडून आहेत, वाळवीने खाल्लेले. ते स्कॅन करून मी सागवानाच्या फळ्यांवर उतरवते आणि वर रंगकाम करते. टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची पूड, पांढरा रंग छापत नाही, म्हणून नटाच्या पांढऱ्या धोतरात लाकडाच्या रेषा उमटतात. सगळी जान त्यात आहे. तुमच्या दुधाळ थराने नेमक्या त्या रेषाच झाकल्या. यंदाच्या मंडईसाठी मंडळाने सांगितलेल्या फळ्या वाया गेल्या. त्यांनी आगाऊ दिलेले पैसे मी परत करते आहे.

तुमचीच जुनी बाटली तळाशी थोडी उरली होती. तिचा थर त्याच काचेवर लावला, वाळल्यावर त्याच पाण्याने भिजवला. तो जागचा हलला नाही. म्हणजे खोट नव्या मालात आहे. आजवर इथल्या पोरींना मी तुमचंच मीडियम घ्या म्हणून सांगत आले. आता कोणत्या तोंडाने सांगू?

आणि पुन्हा लिहिते : तुमच्या माणसाने बॅच नंबर विचारला नाही. गाव विचारलं.

काचेवरच्या दोन्ही थरांचे फोटो, पावती आणि बाटलीवरच्या बॅच नंबरचा फोटो सोबत जोडला आहे. बाटलीची किंमत, खराब झालेल्या फळ्यांची भरपाई आणि या बॅचच्या तपासणीचा लेखी अहवाल पंधरा दिवसांत मिळावा. आणि त्या बोलण्याबद्दल माफी, तीही लेखी. नाहीतर मी जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. तुमचं ऑफिस कितीही मोठ्या शहरात असो, केस गडचिरोलीलाच चालेल.

तुमची जुनी ग्राहक,
ता. देसाईगंज, जि. गडचिरोली