आसरा आपण देतोच, आता त्याचा कायदा करा : केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नाचा बस्ता बांधायला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला गेले होते. आमच्या भागात लग्न ठरलं की बस्ता गांधीनगरलाच, हे वेगळं ठरवावं लागत नाही. आहेराच्या साड्या उलगडता उलगडता दुकानदार म्हणाले, "काकू, आमचे आजोबा कराचीहून आले तेव्हा इथल्या बराकीत त्यांना एक खोली मिळाली. त्या खोलीत आधी पोलंडची माणसं राहायची." त्यांचं मराठी माझ्याइतकंच कोल्हापुरी. गल्ल्यामागच्या भिंतीवर सिंधी लोकांच्या झुलेलाल देवाची तसबीर आणि तिच्या शेजारी अंबाबाईची. त्या एका खोलीमुळे, निर्वासितांसाठी कायदा मागणारं हे पत्र आपल्याला लिहिते आहे.

गांधीनगर वसण्याआधी तिथे वळिवड्याची पोलिश छावणी होती. 1940-41 मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधली लाखो माणसं घरातून उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेऊन टाकली. पुढे जर्मनीने रशियावर हल्ला केला, राजकारण फिरलं आणि त्यातल्या काहींची सुटका झाली. ती इराणमार्गे बाहेर पडली. कराचीच्या बंदरात उतरून, तिथून रेल्वेने 1943 मध्ये सुमारे पाच हजार जण वळिवड्याला पोहोचले. त्यात बहुतेक बायका आणि मुलं होती. पंचगंगेच्या काठच्या या माळावर त्यांच्या शाळा भरल्या, चर्च उभं राहिलं, दवाखाना चालला, नाटकं झाली. ज्यांना परतीचा प्रवास लाभला नाही, त्यांच्या कबरी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. युद्ध संपलं तरी अनेकांना घरी जाता आलं नाही, कारण त्यांची गावं आता पोलंडमध्ये राहिलीच नव्हती, ती सोव्हिएत हद्दीत गेली होती. 1948 मध्ये छावणी रिकामी झाली आणि त्याच बराकींत सिंधी कुटुंबं राहायला आली. कराची सोडून आलेले, एकामागून एक, दोन वेगळे समाज आणि एकच छप्पर.

ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधानांनी पोलंडच्या राजधानीतल्या, वॉर्सॉतल्या कोल्हापूर स्मारकाला पुष्पचक्र वाहिलं. ती बातमी वाचताना आम्हा कोल्हापूरकरांचा ऊर भरून आला, हे मनापासून सांगते. पण माननीय मंत्रिमहोदय, उद्या तशीच एखादी आई मुलं घेऊन आपल्या सीमेवर आली, तर तिला कुठल्या कायद्याने आत घ्यायचं? आपल्याकडे असा कायदाच नाही. 1946 चा परदेशी नागरिक कायदा झाला तेव्हा वळिवड्याला पोलिश मुलं शाळेत जात होती, तरीही त्या कायद्यात निर्वासित या शब्दाची व्याख्या नव्हती. तो रद्द करून 2025 मध्ये नवा कायदा आणला, त्यातही ती नाही. व्हिसा संपूनही राहिलेला पर्यटक आणि जीव मुठीत धरून पळालेली बाई, दोघांवर शिक्का एकच, परदेशी.

निर्वासितांविषयीच्या 1951 च्या जिनिव्हा करारावर आपण सही केली नाही. त्याला कारण होतं, आणि ते मला पटतं. तो करार मुळात युरोपातल्या युद्धाने उखडलेल्या माणसांना डोळ्यासमोर ठेवून लिहिला होता. फाळणीत इकडून तिकडे झालेली एक कोटीहून अधिक माणसं त्या व्याख्येत बसत नव्हती. शिवाय ज्यांनी तो लिहिला त्यांची आदली वागणूक आपल्याला माहीत होती. जुलै 1938 मध्ये फ्रान्समधल्या एव्हियां इथे 32 देश जर्मनीतल्या ज्यूंसाठी बसले. सहानुभूती सगळ्यांनी दाखवली आणि डोमिनिकन रिपब्लिक सोडला तर मोठ्या संख्येने माणसं घ्यायला जवळपास कुणी तयार झालं नाही. पुढे काय झालं ते जगाने पाहिलं. करारातला सर्वात मोलाचा नियम त्या अनुभवातून आला : जिथे जिवाला धोका आहे, तिथे माणसाला परत ढकलायचं नाही. 1967 मध्ये कराराची युरोपची आणि 1951 च्या तारखेची अट निघाली. आपला मूळ आक्षेप तिथे बराचसा संपला, तरी आपण पुढे काहीच केलं नाही.

करारावर सही करा, असं मी म्हणत नाही. आपला कायदा आपण करावा, एवढंच मागते. वागण्यात आपण कुणापेक्षा कमी पडलो नाही. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं आली. आईच्या ट्रंकेत मामाला आलेली त्या काळातली पाकिटं आहेत. प्रत्येकावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं एक जादा तिकीट आहे, निर्वासितांच्या मदतीसाठी नोव्हेंबर 1971 पासून लावलेलं. पाकीट पाठवणारा माणूस ते पाच पैसे देत होता.

पण आसरा देणं अजूनही त्या त्या वेळच्या सरकारच्या आणि अधिकाऱ्याच्या मनावर आहे. म्यानमारमध्ये फेब्रुवारी 2021 मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि तिथले चिन जमातीचे लोक मिझोराममध्ये आले. मार्चमध्ये आपल्याच मंत्रालयाने राज्यांना कळवलं की निर्वासित दर्जा देण्याचा अधिकार त्यांना नाही. मिझो लोकांनी त्यांना तरीही घरात घेतलं, कारण ते त्यांचेच भाऊबंद. हजारो माणसं तशीच राहिली. आजही त्यांच्या राहण्याला आधार आहे तो शेजाऱ्यांच्या मनाचा, कायद्याचा नाही.

दिवाळीनंतर आमच्या शहरात तिबेटी लोकांचे स्वेटरचे स्टॉल लागतात. त्यातली एक तिशीतली मुलगी माझ्या ओळखीची झाली आहे. जन्म गोंदियातल्या गोठणगावच्या वसाहतीतला. भाव करताना "घ्या हो मावशी, शेवटचं सांगते" असं अगदी आपल्या बोलीत म्हणते. पैशाच्या पेटीत ती एक छोटं पुस्तक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवते, परदेशी म्हणून नोंदणीचं. मुदत संपायच्या आत ते नवं करून घ्यावं लागतं. ज्या देशात जन्मली त्या देशात तिला हे करावं लागतं, आणि तिबेटी लोकांसाठी निदान एवढी व्यवस्था तरी आहे. बाकीच्यांचं काय, ते कुठे लिहून ठेवलेलं नाही.

सुरक्षेचा प्रश्न मला कळतो. पण नोंदच नसेल तर आत कोण आलं हे तरी कसं कळणार? अर्ज, चौकशी, ठरावीक मुदतीत लेखी निर्णय आणि त्याविरुद्ध अपील, ही वाट असली तर खरा गरजू पुढे येईल. वाट नसेल तर तो लपून राहील आणि दलालाच्या हाती सापडेल. निर्णय होईपर्यंत त्याला परत पाठवू नये, पोरांना शाळेत आणि आजाऱ्याला सरकारी दवाखान्यात घ्यावं. 1996 मध्ये चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंच आहे की जगण्याचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे. धर्म आणि देश बघून नागरिकत्व देण्याचा 2019 चा कायदा ही गरज भागवत नाही. तो आधीच आलेल्या ठरावीक लोकांच्या नागरिकत्वाचा आहे, उद्या दारात येणाऱ्याच्या आसऱ्याचा नाही.

माजी सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली अशा कायद्याचा नमुना मसुदा 1990 च्या दशकातच तयार झाला होता. लोकसभेत खासगी विधेयकंही आली. म्हणजे कोऱ्या कागदापासून सुरुवात करायची नाही. येत्या अधिवेशनाआधी मंत्रालयाने आपला मसुदा जनतेसमोर ठेवावा आणि हरकती-सूचना मागवाव्यात. मसुदा मराठीतही यावा. गांधीनगरच्या त्या दुकानदारांना मी सांगून ठेवलं आहे, आमच्या दोघांच्या सूचना एकाच पाकिटातून येतील.

आपली,
कोल्हापूरची एक निवृत्त शिक्षिका