मंत्रिमहोदय, हँडओव्हर द्या

ॲबर्डीन, स्कॉटलंड, डिसेंबर 2025

मा. श्री. एड मिलिबँड,
मंत्री, ऊर्जा सुरक्षा आणि नेट झिरो (निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जन) खाते, लंडन

सविनय नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे ते तुम्ही वाचणार नाही हे मला ठाऊक आहे. इंग्रजीत एक पाठवलंय. रोझबँक या नव्या तेलक्षेत्राच्या पर्यावरण अहवालावर तुमच्या खात्याने मतं मागवली होती, त्या गठ्ठ्यात ते कुठेतरी असेल. ते मी वकिलाला दाखवायचं असल्यासारखं जपून लिहिलं होतं. हे तसं नाही. शिवाय ज्यांनी हे वाचावं असं मला वाटतं ती माणसं पहाटे जुहूच्या हेलिबेसवर बॅग मांडीवर घेऊन बसलेली असतात, नाहीतर इथे डाइसच्या विमानतळावर नारिंगी सूट चढवत असतात.

माझं काम समुद्रतळावरच्या पाइपांचं. कुठे गंज धरलाय, कुठे पाइप पातळ झालाय, अजून किती वर्षं चालेल, हे बघायचं. सुरुवात उरण आणि मुंबई हायवर झाली. गेली 18 वर्षं नॉर्थ सी.

आई सांगलीला असते. टीव्हीवर खालच्या पट्टीत ‘ब्रेंट क्रूड’ सरकलं की फोन येतो, “ब्रेंट म्हणजे तुमच्याकडचंच ना रे? जरा भाव कमी करायला सांग की.” तिला कसं सांगू, की ब्रेंट आता नाहीच. एका जातीच्या रानहंसावरून नाव पडलेलं हे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलँड बेटांच्या ईशान्येचं तेलक्षेत्र. त्याच्या डेल्टा प्लॅटफॉर्मचा 24 हजार टनांचा वरचा भाग 2017 मध्ये एका जहाजाने एकाच उचलीत काढून नेला. शेवटच्या चार्ली प्लॅटफॉर्मवरचं उत्पादन 2021 मध्ये थांबलं. नाव तेवढं भावापुरतं उरलं, आणि त्या भावाच्या हिशेबात आता टेक्सासचं तेलसुद्धा धरतात.

म्हणजे हा समुद्र रिकामा होतोय, हे आम्हाला कोणी सांगायला नको. ब्रिटनचं तेल-गॅस उत्पादन 1999 मध्ये शिखरावर होतं. आज त्याचा साधारण चौथा हिस्सा उरलाय. गेल्या महिन्यात तुम्ही आराखडा जाहीर केलात: नवे परवाने नाहीत, चालू क्षेत्रांना जोडून असलेल्या साठ्यांना मात्र मुभा. ठीक आहे. पण रोझबँक आणि जॅकडॉ या दोन क्षेत्रांचे परवाने जुने आहेत, ते या आराखड्यात बसत नाहीत. त्या दोन फायली तुमच्याच टेबलावर आहेत. जानेवारीत एडिनबराच्या कोर्टाने दोघांचीही मंजुरी एकाच निकालात बेकायदा ठरवली, कारण तेल-गॅस जाळल्यावर होणारा धूर मंजुरी देताना मोजलाच नव्हता. बांधकाम चालू ठेवा, पण नवी मंजुरी मिळेपर्यंत उत्पादन नाही, असं कोर्ट म्हणालं. तेव्हापासून पेपरात ही दोन नावं जोडीनेच येतात. बाजूने बोलणारेही जोडीने बोलतात, विरोधातलेही. माझी पहिली विनंती एवढीच, की ही जोडी फोडा.

जॅकडॉ म्हणजे गॅस. ॲबर्डीनच्या पूर्वेला सुमारे 250 किलोमीटरवर. विहिरींवरचा प्लॅटफॉर्म उभा राहिलाय, त्यावर कायम वस्तीला माणसं नसतील. तिथून 31 किलोमीटरचा पाइप शिअरवॉटर प्लॅटफॉर्मला आणि पुढे पीटरहेडजवळच्या सेंट फर्गसला. तिथून गॅस देशाच्या जाळ्यात, म्हणजे माझ्या शेजारणीच्या बॉयलरमध्ये. कंपनी म्हणते 14 लाख घरांपुरता गॅस निघेल. कंपनीचे आकडे मी नेहमी थोडे कापून वाचतो, पण कापले तरी बरंच उरतं. हा गॅस नाही आला तर ऐन थंडीत तूट भरून काढायला अमेरिकेतून जहाज येतं. त्यासाठी गॅस उणे 162 अंशांपर्यंत थंड करून द्रव करायचा, अटलांटिक ओलांडायचा आणि इकडे पुन्हा उबवायचा. या सगळ्यात जी ऊर्जा जाते तिचा धूर वेगळाच. कोणी म्हणेल, नॉर्वेचा गॅस लांगेलेड पाइपने येतोच की. येतो, आणि तो स्वच्छही आहे. तो हवा तेवढा वाढवता आला असता तर मी हा मुद्दा सोडून दिला असता.

रोझबँकचं तसं नाही. शेटलँडच्या वायव्येला 130 किलोमीटर, पाणी 1,100 मीटर खोल. मुंबई हायला 75-80 मीटर पाण्यात आम्ही घाम गाळला, त्यावरून अंदाज करा. तिथे वर अटलांटिकचं कोमट पाणी वाहतं आणि तळाशी उत्तरेकडून आलेलं, शून्याच्याही खाली गेलेलं. असल्या गारठ्यात पाइपातलं तेल मेणासारखं थिजू न देता वर आणायचं, हे पाइपवाल्या माणसाचं स्वप्न आहे. खोटं कशाला बोलू, काम मिळालं तर मी उद्या जाईन.

पण काम आवडतं म्हणून ते देशाच्या गरजेचं होत नाही. रोझबँकमध्ये मुख्यतः तेल आहे, 30 कोटी बॅरलच्या वर. ते तरंगत्या जहाजावर साठवून टँकरने जाणार, जिथे भाव मिळेल तिथे. ब्रिटनचं बहुतेक तेल आजही बाहेरच जातं. स्कॉटलंडची एकुलती एक रिफायनरी, ग्रेंजमाउथ, याच वर्षी एप्रिलमध्ये बंद पडली. 1924 पासूनची होती. तेव्हा रोझबँकला ‘ऊर्जा सुरक्षा’ म्हणणाऱ्यांना एकदा विचारा, कोणाची? तुमच्या खात्याच्या पाटीवरच तो शब्द आहे, तुम्हाला शोभेल. रोजगार म्हणावा, तर ते तरंगतं जहाज दुरुस्तीला दुबईच्या गोदीत पाठवलं. इथे राहणार ते विहिरी खोदण्याचं आणि चालवण्याचं काम. ते थोडं नाही, मान्य. पण मालकांच्याच नव्या अहवालात तेल जाळून होणारा कार्बन डायऑक्साइड सुमारे 25 कोटी टन दिलाय, आणि तो आकडा वाचल्यावर माझा हात सही करायला उचलला नसता.

तेव्हा जॅकडॉला हो, रोझबँकला नाही. मी दोन्हीकडून शिव्या खाणार. इथल्या गणपतीत आरती झाल्यावर एकाने मोदक हातात ठेवत सांगितलंच, “तुझं घर फेडून झालंय, म्हणून तुला हे सुचतंय.” त्याचं घर फेडून व्हायचंय. त्याला तोंडघशी पाडून तुमचा नेट झिरो होणार नाही.

आता दुसरं. ॲबर्डीनच्या हेझलहेड पार्कात पायपर अल्फा या तेल प्लॅटफॉर्मवरच्या स्फोटात गेलेल्यांचं स्मारक आहे. 6 जुलै 1988, 167 माणसं. दिवसपाळीने एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व दुरुस्तीला काढला होता आणि त्या जागी नुसती चकती हाताने आवळून ठेवली होती. रात्रपाळीला हे कळलंच नाही. दुसरा पंप बंद पडला तेव्हा त्यांनी हाच चालू केला. चौकशीनंतर लॉर्ड कलन यांनी 106 शिफारशी केल्या, आणि आज आम्ही पाळी बदलताना जे हँडओव्हर देतो त्यामागे तो इतिहास आहे. काय उघडं आहे, काय बंद, काय अर्धवट, हे समोरासमोर सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही. आम्ही मुंबई हायवालेही हे दुसऱ्या वाटेने शिकलो, 27 जुलै 2005 ला, जेव्हा जहाज प्लॅटफॉर्मच्या राइजरवर, म्हणजे तळावरून वर येणाऱ्या उभ्या पाइपावर, आदळलं आणि 22 माणसं गेली. आदल्या दिवशी मुंबई पावसात बुडाली होती, म्हणून बाहेर फारसं कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

तेल सोडून स्वच्छ ऊर्जेकडे जाण्याच्या तुमच्या या स्थित्यंतरात हँडओव्हर नाही. आधीच्या सरकारने 2023 मध्ये रोझबँकला हो म्हटलं, कोर्टाने ते खोडलं, तुम्ही थांबलात. तेल-गॅसच्या नफ्यावर कंपनीला 78 टक्के कर, तोही 2030 पर्यंत. तो असावा की नसावा यात मी पडत नाही. पण ज्याच्या हातात पाना आहे त्याला कोणीच सांगत नाही, की तुझी पाळी अमुक तारखेला संपते आणि पुढची तमुक ठिकाणी सुरू होते. मागच्या एका नोकरीत मला आणि आणखी काही जणांना शुक्रवारी संध्याकाळी ईमेल आली होती, प्रकल्प स्थगित. सोमवारी माझं कार्ड दाराला लागेना.

“पवनचक्क्यांवर जा” म्हणता. जाऊ की. ॲबर्डीनच्या बीचवरून 11 दिसतात. गेल्या वर्षी मी प्रयत्न केला. हेलिकॉप्टरने समुद्रावर जायचं तर आम्हाला दर चार वर्षांनी तलावात बुडावं लागतं. हेलिकॉप्टरचा सांगाडा पाण्यात सोडतात, उलटा करतात. एक हात खिडकीच्या कडेला, नाकातोंडात पाणी, हालचाल थांबेपर्यंत पट्टा सोडायचा नाही, मग कोपराने खिडकी ढकलायची. हे मी अनेकदा केलंय. पवनचक्कीवाल्यांनी सांगितलं, तुमचं प्रमाणपत्र तेलाचं, आम्हाला जीडब्ल्यूओचं, म्हणजे पवनऊर्जा कंपन्यांच्या संघटनेचं लागतं, आणि ते दर दोन वर्षांनी. त्यात बोटीवरून शिडीवर जाणं नवीन होतं, ते शिकायलाच हवं. बाकी तोच लाइफ जॅकेट, तोच तराफा, पाणीही तेवढंच गार. फक्त छातीवरचा लोगो बदलला, आणि पैसे दोन्हीचे माझ्या खिशातून. तेलातलं कौशल्य पवनचक्क्यांवर दाखवता यावं म्हणून जानेवारीत तुम्ही गाजावाजा करून स्किल्स पासपोर्ट आणलात. भरती करणाऱ्या बाईंना मी त्याचा कागद दाखवला. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी बघितला आणि विचारलं, “जीडब्ल्यूओ आहे ना?”

म्हणून एवढं करा. दोन्ही फायलींवर निर्णय द्या, स्वतःच्या सहीने, वेगवेगळ्या तारखांना दिलात तरी चालेल. रोझबँकला नाही म्हणाल तर त्याच कागदावर लिहा, की तेलाचं प्रमाणपत्र पवनचक्क्यांवर कुठवर चालेल आणि उरलेल्या शिक्षणाचे पैसे कोण भरणार.

माझं तेलाचं प्रमाणपत्र मार्चमध्ये संपतंय. पुन्हा काढायचं तर तलावाची जागा जानेवारीतच धरावी लागते. त्याआधी कळवलंत तर बरं होईल.

कळावे,
आपला,
ॲबर्डीनचा एक पाइपवाला